एकास एक, इतर अटी नाहीत

जूनचा तिसरा रविवार, दुपारचे सव्वाचार. सौदा असा: एक लेफ्ट बॅक, वय त्रेपन्न, द्यायचा. पेनल्टी कॉर्नर मारणारा एक फॉरवर्ड, वय बेचाळीस, घ्यायचा. वर काही नाही. हजर: तू, त्सुकुबा संघाचे मॅनेजर मोरिता-सान, आणि ज्याला घ्यायचं ते ओगावा-सान. ज्याला द्यायचं तो हजर नव्हता. तो तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नळाखाली संघाची सरावाची जाकिटं धूत होता. त्याचा शिक्का मात्र हजर होता.

विनायक, तो मी होतो, आणि तुला जाऊन अकरा आठवडे झाले तरी त्या दुपारचा माझा राग गेलेला नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. कोण म्हणतं मला माहीत नाही. बहुधा ज्यांची मेलेल्या माणसाने अदलाबदल केलेली नाही ते म्हणत असावेत.

आपल्या या चाळिशीपुढच्यांच्या हॉकी लीगचा नियम मला तोंडपाठ आहे, कारण संघाचे कागद बारा हंगाम मीच सांभाळले. हंगामाच्या मध्यावर दोन संघ आपापसांत एकेक खेळाडू बदलू शकतात. अर्ज एक, शिक्के चार: दोन मॅनेजरांचे, दोन खेळाडूंचे. खेळाडूचा शिक्का कशासाठी? तर कुणाला न विचारता कुणी हलवू नये म्हणून. इथे जपानात सहीपेक्षा नावाच्या शिक्क्याला किंमत. आणि माझा एक शिक्का संघाच्या डब्यात होता, कारण मैदान मिळवायच्या सोडतीचे अर्ज माझ्या नावाने जातात आणि मी ऑफिसात अडकलो तर काम अडू नये म्हणून मीच तो तिथे ठेवला होता. आयुष्यात घराच्या किल्ल्याही कुणाकडे ठेवल्या नाहीत मी. शिक्का ठेवला, तोही तुझ्याकडे.

सोमवारी लीगकडून मेल आली: बदल मंजूर. मला वाटलं चुकून आली. दुसऱ्यांदा वाचली, मग सायकल काढली आणि फुनाबोरी स्टेशनच्या पलीकडे तुझ्या घरी आलो. मेधावहिनींनी दार उघडलं आणि माझं तोंड बघून त्या आत वळून म्हणाल्या, "आले बघ."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

तू टेबलाशी बसला होतास. समोर संघाच्या डब्यातली माझी वही. मी सामन्यागणिक लिहितो ती: कोणता गोल किती मिनिटाला, कुठून आला, कुणाच्या चुकीने. माझी चूक असेल तर तेही.

"बस," तू म्हणालास. "चहा घे आधी."

"शिक्का कुणी मारला?"

"मी."

"विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"अर्थात."

"मग कशाला विचारायचं? उगाच नाही म्हणायची तसदी."

वहिनी म्हणाल्या, "विनायक, हे काही बरोबर नाही बोलणं." तू त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. वही माझ्याकडे सरकवलीस आणि पानावर बोट ठेवलंस. "पहिले सात सामने. खाल्लेले गोल तेरा. डावीकडून किती?"

"सात."

"हे मी नाही लिहिलेलं."

"त्यातले दोन कॉर्नरवरचे. चेंडू डावीकडून आत आला म्हणून दोष डाव्याचा होत नाही."

"बरं, पाच. आता आपले कॉर्नर बघ. मिळाले तेवीस. गोल?"

"दोन."

"हेही तूच लिहिलंस. तेविसांत दोन! केळकर, मुन्सिपाल्टीच्या नळालासुद्धा याहून जास्त पाणी येतं."

मी हसलो नाही. एरवी हसलो असतो. मी तुला माझं म्हणणं सांगितलं आणि आजही सांगतो, कारण त्याला तू धड उत्तर दिलं नाहीस. ओगावा-सानची नोकरी टोकियोत बदलून आली होती. घर इथेच, आपल्या एदोगावात घेतलं होतं. एप्रिलमध्ये नव्या हंगामाची नोंदणी उघडली की ते आपणहून आपल्याकडे आले असते. म्हणजे जे दहा महिन्यांत फुकट मिळणार होतं त्यासाठी तू एक माणूस दिलास. त्सुकुबाकडे मुळात विकायला काहीच नव्हतं, आणि तू त्याची पूर्ण किंमत मोजलीस.

"एप्रिलमध्ये," तू म्हणालास, "बाद फेरी नसते रे."

"पुढच्या वर्षी असते."

त्यावर तू कपातला चहा हलवत राहिलास. मला वाटलं मी मुद्दा जिंकलो. तीन महिने मी हेच समजून चाललो होतो की त्या क्षणी तुझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी उठलो, वही घेतली, शिक्का मागितला. तू खिशातून काढून दिलास. दारात म्हणालास, "एकास एक केलंय, केळकर. वर दमडी नाही, अट नाही. तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान माणूस मी तुझ्या बदल्यात सरळ उचललाय. जरा बरं वाटून घे की."

सांगायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं. अर्जाची प्रत मी लीगकडून मागवून घेतली. शेवटचा रकाना "इतर अटी". त्यात तुझ्या त्या वाकड्या जपानी अक्षरात "नाहीत". मी तो कागद फाईलला लावला. राग होताच, पण रागाखाली एक पाट ठेवल्यासारखं झालं होतं. मला न विचारता दिलं, ते चूक. पण दिलं ते बरोबरीच्या भावात.

तू मला नेहमी चिडवायचास की मला प्रत्येक गोष्टीचा आकडा लागतो. आपण पहिल्यांदा नदीकाठची ती पडीक जागा सरावाला साफ केली, तेव्हा दगड उचलून मी बादल्या मोजल्या. एकेचाळीस. तू सगळ्यांना सांगत सुटलास, "केळकर देवळात गेला तरी घंटा किती वाजल्या ते लिहून आणेल." पण संघाचं पहिलं पत्रक काढलं तेव्हा तूच त्यात लिहिलंस: एकेचाळीस बादल्या दगड. अठरा वर्षांपूर्वी मी या देशात आलो तेव्हा कोणता कचरा कोणत्या वारी ठेवायचा ते तू मला शिकवलंस, खडकीच्या मैदानावरची ती डावीकडची आडवी काठी घालायची पद्धतही तूच शिकवलीस. कॉलेजात मी बरा खेळायचो. मला बॅक तू केलंस. म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणी मला काढलं असतं तर मी एक दिवस चिडलो असतो आणि सोडून दिलं असतं.

जुलैपासून मी त्सुकुबाकडून खेळायला लागलो. दर रविवारी सरावाला त्या वेगवान गाडीने पाऊण तास जायचं, तिथून सायकल भाड्याने घ्यायची. संघ बरा. निम्मे संशोधक, चेंडू अडवायच्या आधी विचार करतात. मोरिता-सानने मला प्रत्येक सामन्यात पहिल्यापासून खेळवलं. आणि पहिल्याच दिवशी, एका मैदानावर चार सामने असतात त्या लीगच्या दिवशी, मी तुला गळ्यात शिट्टी अडकवून दुसऱ्या सामन्यात पळताना बघितलं.

ज्यांना ही लीग माहीत नाही त्यांना सांगायला हवं: प्रत्येक संघाने त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी सामन्याला एक पंच द्यायचा. नाही दिला तर एक गुण कापतात. हे काम कुणालाच नको असतं. पन्नास मिनिटं पळायचं आणि दोन्हीकडच्यांच्या शिव्या खायच्या. आपल्या संघाकडून ते काम पूर्वी तू करायचास. या एप्रिलमध्ये तू सोडलंस, "पाठ धरलीय" म्हणून. खेळणंही थांबवलंस, नुसता मॅनेजर झालास. मग आपल्या संघातल्या नायरने पंचगिरी अंगावर घेतली.

आणि आता तू पळत होतास. माझ्या मनात काय आलं ते लिहितो, कारण इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं: मला घालवलं आणि याची पाठ बरी झाली.

आमच्या संघाला, म्हणजे त्सुकुबाला, गेल्या वर्षी पंच नाही म्हणून दोन गुण गेले होते. या वेळी मोरिता-सान म्हणाले, "पंचाची सोय झाली आहे." मी, जो दुकानातल्या पावतीवरचा कर ताडून बघतो, मी विचारलं नाही की सोय कशी झाली.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी पुन्हा तेच. तू पुन्हा शिट्टी घेऊन. टर्फवर उभं राहिलं तरी बुटांचे तळवे गरम होत होते. मध्यंतरात तू रेषेबाहेर खाली बसलास, मानेवर बर्फाची पिशवी. तोंड पांढरं पडलं होतं. मी वीस पावलांवर होतो. माझ्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, दोन्ही भरलेल्या. नायरने तुला त्याची बाटली आणून दिली. मी बघत उभा राहिलो.

मग आमचा सामना झाला. आम्ही एक-शून्य जिंकलो. डावीकडून काही आलं नाही. तू तेव्हा जाळीपलीकडे उभा होतास आणि ओरडलास, "केळकर, भिंत बांधलीस की रे डावीकडे!"

मी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं. बूट सोडायला वाकलो आणि तू जाईपर्यंत सोडत राहिलो.

परतताना माझी बायको उज्ज्वला गाडीत म्हणाली, "विनायक बरा दिसत नव्हता. फोन कर त्याला."

मी म्हटलं, "माझा शिक्का त्याने मारला ना, मग माझ्या वतीने बोलायलाही त्यालाच सांग." मला वाटलं होतं, काय झकास बोललो.

तू नऊ दिवसांनी गेलास. त्याचं मी काही लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे.

मोरिता-सान तुझ्या घरी आले तो सातवा दिवस होता. काळा सूट, काळा टाय, हातात दुखवट्याला देतात ते पैशांचं पांढरं पाकीट. मी फोन घ्यायला, माणसांना बसवायला म्हणून तिथेच असायचो. त्यांनी तुझ्या फोटोसमोर मान लववली, वहिनींसमोर लववली, मग माझ्यासमोरही लववली आणि म्हणाले, "केळकर-सान, उरलेल्या चार सामन्यांचं मनावर घेऊ नका. ते आम्ही मागणार नाही."

"कोणते चार?"

त्यांना वाटलं माझं जपानी कमी पडलं. सावकाश पुन्हा म्हणाले. "पंचाचे. विनायक-सानने सहा सामने आमच्या वतीने पंचगिरी करायचं कबूल केलं होतं. दोन झाले."

"का कबूल केलं होतं?"

त्यांनी टायची गाठ सरळ केली.  मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी सांगितलं. एकास एक त्यांना मंजूर नव्हतं. ओगावा-सान बेचाळीसचे, मी त्रेपन्नचा. त्यांनी माझ्याबरोबर आणखी एक तरुण खेळाडू मागितला. तू म्हणालास, दुसरा देता येणार नाही. केळकर पुरेसा आहे. तुम्हाला कमी वाटत असेल तर फरक मी भरतो. तुम्हाला पंच मिळत नाही, मी येतो. सहा सामने. आणि अट घातलीस की कागदावर लिहायचं नाही, आणि मला प्रत्येक सामन्यात खेळवायचं, बाकावर बसवायचं नाही.

मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तो आपल्याच संघासाठी जातोय. मी भांडले. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी पळायला बंदी केली होती. जिनासुद्धा सावकाश चढ म्हणाले होते."

"पाठ धरली म्हणाला होता."

"पाठ!" त्या म्हणाल्या. "त्याची पाठ कधी धरली? त्याला एकदा पहिल्या चार संघांत यायचं होतं, भावोजी. बारा वर्षं झाली, पुढच्या वर्षीचं आपल्याला माहीत नाही म्हणायचा. मी म्हणायचे, असं बोलू नकोस."

तर हे तुझं उत्तर होतं. मी "पुढच्या वर्षी असते" म्हणालो तेव्हा तू चहा हलवत बसलास, ते हे.

मग सांगायचं होतंस! एवढंच बोलायचं होतं: केळकर, माझं हृदय बरं नाही, मला या वर्षी जिंकायचंय, तू जा. मी गेलो असतो. शिव्या देत गेलो असतो, पण स्वतःच्या हाताने शिक्का मारून गेलो असतो. आणि पंचाचं कळलं असतं तर त्या उन्हात तुला पाऊलभर पळू दिलं नसतं. तू काय समजलास, माझी किंमत कमी भरली हे मला सहन होणार नाही? बारा वर्षं मी स्वतःच्या चुका स्वतःच्या अक्षरात लिहीत होतो. माझ्याइतकं ते कुणाला माहीत होतं? तू मला खोटा भाव सांगितलास, आणि मी मूर्ख त्यावर तीन महिने ताठ मानेने चाललो. मला बरं वाटावं म्हणून तू जे केलंस ते मला नको होतं. मी मागितलं नव्हतं. हेही न विचारताच केलंस. तुझी सवयच ती. उपकार असो की दगा, विचारायचं नाही.

पंचगिरीनेच तू गेलास का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. वहिनींना तर नाहीच. ते म्हणतील सांगता येत नाही, आणि मी घरी येऊन बेरीज करत बसेन. तरीही करतोच. पन्नास मिनिटं दोनदा, शंभर मिनिटं. माझ्या आणि ओगावा-सानच्या वयातली अकरा वर्षं तू या शंभर मिनिटांनी भरत होतास.

आता आपला वाद, जो अर्धवट राहिला. तुला आकडे कळायला हवेत. ओगावा-सान आल्यापासून सात सामने, कॉर्नर एकोणीस, गोल सात. तुझं बरोबर. आम्ही त्सुकुबाचे त्याच सात सामन्यांत नऊ गोल खाल्ले, डावीकडून दोन. हे माझ्या बाजूचं. आपला फुनाबोरीचा संघ तिसरा आला, बाद फेरीत गेला. आम्ही सहावे. उपांत्य सामन्याला मी गोलामागे वही घेऊन उभा होतो. दोन-एक जिंकलात, दोन्ही गोल कॉर्नरवर, दोन्ही ओगावा-सानचे. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. नायर रडला. मी नाही. मी वहीत वेळ लिहिली.

अंतिम सामना शून्य-एक हरलात. गोल शेवटच्या पाच मिनिटांत आला. कुठून आला ते सांगू? डावीकडून. माझ्या जागी खेळणाऱ्याने काठी उशिरा घातली. मी असतो तर थांबवला असता का, हे मला ठाऊक नाही. आणि मी असतो तर ओगावा-सान नसते, आणि तुम्ही अंतिम सामन्यात नसता. हा हिशेब मी कितीही वेळा मांडला तरी जुळत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "सोड रे, चहा घे." मी सोडला नसता. आपण एप्रिलपर्यंत भांडलो असतो. मला ते भांडण हवं होतं, विनायक. कोणी बरोबर आहे म्हणायला नको होतं, नुसतं पलीकडे बसून चुकीचं बोलणारं माणूस हवं होतं.

त्या दिवशी मोरिता-सान मागणार नाही म्हणाले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की मागायचा प्रश्न नाही, कबूल केलं आहे ते दिलं जाईल. ते नको नको म्हणत राहिले. मी लीगच्या पंचांच्या एक दिवसाच्या वर्गाला बसलो. पंचवीस जण, सगळ्यांत म्हातारा मी, परीक्षा जपानीत. वीसपैकी सोळा. सप्टेंबर-ऑक्टोबरात आमचा सामना खेळायचो आणि त्याच दिवशी दुसऱ्या सामन्यात पळायचो. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. एकदा चुकीचा कॉर्नर दिला, आणि तो आपल्याच फुनाबोरीला. ओगावा-सानने गोल केला. तू असतास तर खूष झाला असतास. मी वहीत लिहिलंय: पंचाची चूक, केळकर.

हे मी प्रेमाने केलं असं कुणी समजू नये. रागाने केलं. प्रत्येक वेळी शिट्टी फुंकताना तुला चार शब्द ऐकवत होतो. चौथ्या सामन्यानंतर मोरिता-सान रेषेजवळ आले, टोपी काढली, म्हणाले, "आता काही बाकी नाही."

तेव्हा अखेरचं लिहून ठेवतो. एका लेफ्ट बॅकच्या वर, त्सुकुबा संघाला, मोरिता-सान यांच्याकडे, पंचाचे सहा सामने पोचले. चार मी दिले. दोन तू दिलेस. त्या दोनांचं मी तुझं देणं लागतो, आणि ते घ्यायला तू नाहीस.